निळ्या दारांचे गाव

इस्रायलच्या नकाशावर अगदी वरच्या अंगाला, लेबनॉनची सरहद्द जिथून फारशी लांब नाही अशा एका डोंगरावर, त्सफात नावाचे गाव आहे. या नावाचा उच्चार नेमका कसा करावा याबद्दल तिथल्या पाट्यांचेच एकमत नाही. इंग्रजी अक्षरांत एकीकडे सफेद, दुसरीकडे झेफात, तिसरीकडे त्सफात! हिब्रू बोलणारी माणसे बहुधा त्सफात म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू.

आपल्याकडची मंडळी इस्रायलला जातात ती जेरुसलेम पाहतात, मृत समुद्रात पाठीवर तरंगून फोटो काढून घेतात, आणि बागाईतदार असतील तर ठिबक सिंचन पाहून, चार कागदांची पुडकी बरोबर घेऊन परत येतात. त्सफातला कोणी मुद्दाम वाट वाकडी करून जात नाही. आम्ही उभयतां २०१९ च्या ऑक्टोबरात तिथे पाच दिवस राहिलो, ते केवळ ठाण्याच्या आमच्या शेजाऱ्यांमुळे. हे शेजारी बेने इस्रायल. त्यांची एक मावशी लेकीकडे त्सफातला राहते. “एवढे जाताच आहात तर मावशीला भेटून या, आणि ही कोकमे तेवढी द्या,” असे म्हणून त्यांनी दोन किलोंची पिशवी आमच्या सामानात घातली. प्रवासाला निघालेल्या माणसाचे वेळापत्रक ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे नेहमी शेजाऱ्यांनाच असतो.

हैफाहून बसने निघाले की गालिलीच्या टेकड्या सुरू होतात. ऑलिव्हची झाडे, पांढरट दगड, आणि वळणावळणाचा घाट. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच, म्हणजे आपल्या माथेरानहून थोडे वरच. हवाही तशीच, सकाळी शाल हवीशी वाटणारी. समोर मेरोनचा डोंगर. जुने गाव उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून पोटाळ गृहस्थ आला तर कोणीतरी दारात सरकून उभे राहावे. आणि दारे निळी! खिडक्या निळ्या, कठडे निळे, खाली दफनभूमीतल्या मोठमोठ्या संतांच्या कबरीही निळ्या रंगाने रंगवलेल्या. का, म्हणून विचारले तर कोणी सांगतो आकाशाची आठवण राहावी म्हणून, कोणी सांगतो दृष्ट लागू नये म्हणून. मावशी म्हणाल्या, “भाऊ, रंग स्वस्त पडत असेल!”

या चिमुकल्या गावाला ज्यू लोक आपल्या चार पवित्र नगरांत धरतात. जेरुसलेम, हेब्रॉन, तिबेरिया आणि हे. पहिल्या दोघांचे माहात्म्य बायबलइतके जुने. त्सफातचे मात्र खरे वैभव सोळाव्या शतकातले, आणि तेही परक्यांनी आणलेले. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने आपल्या राज्यातल्या ज्यूंना धर्म बदला नाहीतर देश सोडा असे फर्मावले. देश सोडलेल्यांपैकी बरेचजण पुढच्या पिढ्यांत तुर्की सुलतानाच्या मुलखात, या डोंगरावर येऊन पोचले. लोकर विणण्या-रंगवण्याचा धंदा त्यांनी इथे आणला, आणि त्याबरोबर ग्रंथही. ज्यूंचे आचारधर्म आजही ज्या ग्रंथावर चालतात तो ‘शुल्खान आरुख’ योसेफ कारो यांनी इथे बसून लिहिला. १५६५ साली तो व्हेनिसला छापला गेला. १५७७ साली तर गावात हिब्रू छापखानाच आला. आपल्या गोव्यात छापखाना आला १५५६ साली, म्हणजे याबाबतीत आपण वीसएक वर्षांनी पुढेच होतो, हे मी आपले सहज मनातल्या मनात नोंदवून ठेवले.

पण लोक त्सफातला येतात ते एका निराळ्याच माणसासाठी. इत्झाक लुरिया हे त्याचे नाव. सारे त्याला ‘आरी’ म्हणजे सिंह म्हणतात. जन्म जेरुसलेमचा, १५३४ चा. आपल्या एकनाथमहाराजांचा जन्म १५३३ च्या सुमाराचा धरतात, म्हणजे दोघे जवळजवळ बरोबरीचे. लहानपण आणि तरुणपण इजिप्तमध्ये गेले. १५७० साली तो त्सफातला आला आणि १५७२ च्या उन्हाळ्यात साथीच्या रोगाने वारला. वय अवघे अडतीस. दोन-सव्वादोन वर्षे काय ती त्याला मिळाली, आणि तेवढ्यात त्याने ज्यूंच्या गूढविद्येची, म्हणजे कबालाची, सारी मांडणी नव्याने केली. स्वतः फारसे लिहिलेच नाही. हायिम व्हिताल नावाच्या शिष्याने ऐकलेले टिपून ठेवले म्हणून ते जगाला कळले. गुरूने बोलावे आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घ्यावे, हा प्रकार आपल्या ओळखीचाच आहे.

मावशींचे घर आरीच्या नावाच्या देवळापासून दोन गल्ल्या खाली. वय पंचाहत्तर, अंगात फुलाफुलांचा झगा, डोक्याला रुमाल, आणि बोलणे अस्सल अलिबागकडचे. १९६३ साली एकोणीस वर्षांच्या असताना त्या आईवडील-भावंडांसह या देशात आल्या. यजमान गेल्यावर मुलीजवळ येऊन राहिल्या. मुलीचे सासरे मोरोक्कोहून आलेले. कागद-पेन्सिलीचे दुकान चालवून आता निवृत्त झालेले, दाढी छातीपर्यंत, आणि रोज संध्याकाळी मंडळींबरोबर कबालाच्या पोथ्या वाचणारे. ‘व्याही’ हा शब्द मावशी त्यांना तोंडावरसुद्धा वापरत, आणि तेही ‘व्याही’ म्हणजे आपले नावच असावे अशा थाटात ओ देत.

या व्याह्यांना मी पहिल्याच संध्याकाळी विचारले, की तुमच्या मते माणसाचा आत्मा म्हणजे काय? प्रश्न जरा मोठाच झाला खरा, पण त्सफातला आलेल्या माणसाने हवापाण्याच्या गप्पा किती वेळ माराव्यात? ते हिब्रूत सांगत, मुलगी मराठीत करून सांगे, आणि ती अडली की मावशी मदतीला येत.

व्याही म्हणाले, आत्म्याची नावे पाच. नेफेश, रुआख, नेशामा, खाया आणि येखिदा. दीड हजार वर्षांपूर्वीच्या मिद्राशात ही पाचही नावे ओळीने येतात. आरीच्या मताने मात्र ती नुसती नावे नाहीत, एकावर एक असलेले पाच मजले आहेत. नेफेश म्हणजे शरीराला चालवणारा जीव. तो रक्तात असतो, जन्मतःच सर्वांना मिळतो. रुआख म्हणजे वारा; माणसाच्या भावना, प्रेम, भीती, वाणी त्याच्या ठायी. नेशामा म्हणजे श्वास. ती बुद्धीत, आकलनात राहते.

“आता काच फुंकणाऱ्याला डोळ्यांसमोर आणा,” असे म्हणून त्यांनी गाल फुगवले. हा त्यांच्याकडचा जुना दृष्टांत आहे. तळेगावच्या पैसाफंडाच्या कारखान्यात किंवा आणखी कुठे काचेचे काम ज्यांनी पाहिले असेल त्यांना तो चटकन पटेल. कारागिराच्या तोंडात असलेली फुंकर ती नेशामा. लांब नळीतून वाहत चालली ती रुआख. आणि टोकाच्या तापल्या गोळ्यात जाऊन स्थिरावली, तिने भांड्याला पोट दिले, ती नेफेश. फुंकर एकच. जिथे आहे तिथले नाव निराळे.

“आणि उरलेल्या दोन?”

“खाया म्हणजे त्या कारागिराच्या छातीतली जिवंत शक्ती. अजून फुंकर झालेली नाही अशी. आणि येखिदा...” इथे ते थांबले. “फुंकायचे, असे त्याच्या मनाने घेतले ना? अजून नळी उचललेली नाही, भट्टीकडे पाहिलेले नाही. नुसते मनाने घेतले. ती येखिदा.”

या शेवटच्या दोन मजल्यांबद्दल कोणतेही दोन गुरू तंतोतंत सारखे सांगत नाहीत, असे मला पुढे कळले. आणि ते बरोबरच आहे. खालचे तीन मजले शरीराच्या आत मावतात. वरचे दोन आत मावतच नाहीत, ते माणसाला बाहेरून वेढून असतात, असे हे शास्त्र म्हणते. न मावणाऱ्या वस्तूचे माप कोण कसे देणार?

मग त्यांनी एका कागदावर एक अक्षर काढले. हिब्रूत देवाचे नाव चार अक्षरांचे. ते उच्चारायचे नाही, आणि असल्या कामासाठी पुरते लिहायचेही नाही, कारण ते लिहिलेला कागद मग टाकून देता येत नाही. म्हणून त्यांनी फक्त पहिले अक्षर काढले. त्याचे नाव योद. हिब्रूतले सगळ्यांत लहान अक्षर, आपल्या स्वल्पविरामाएवढे. चार अक्षरे म्हणजे आत्म्याचे चार मजले, शेवटच्या अक्षरापाशी नेफेश आणि पहिल्या योदपाशी खाया. मग पाचवी येखिदा कुठे? व्याह्यांनी पेन्सिलीच्या टोकाने योदच्या डोक्यावरचे बारीकसे टोक दाखवले. लेखणी कागदावर टेकताना उमटते ना, तेवढेच. त्याला ते ‘कोत्स’ म्हणजे काटा म्हणतात. “अक्षर नाही ते,” व्याही म्हणाले. “अक्षर सुरू होण्याची जागा आहे.”

येखिदा या शब्दाला मराठीत काय म्हणावे यावर मायलेकींचा थोडा वाद झाला. मुलगी म्हणाली, “एकटी.” मावशींना ते पसंत नव्हते. “एकटी कशी? एकटी म्हणजे जिला कोणी नाही ती. ही एकुलती. एकुलती एक लेक असते तशी.” मला वाटते, पंडितांनाही यापेक्षा चांगला शब्द सापडला नसता. बायबलातल्या स्तोत्रांत, बाविसाव्यात आणि पस्तिसाव्यात, हा शब्द कवीने आपल्या जिवासाठीच वापरला आहे. तिथे तो संकटात सापडलेला माणूस आपली ती एकुलती वाचव म्हणून देवाला विनवतो. कबालावाल्यांनी पुढे त्यात दुसरा अर्थ पाहिला: जी एका देवाशी एक होऊन आहे ती.

आता पाच म्हटल्यावर कुठल्याही मराठी माणसाच्या ओठांवर पंचकोश येतात. तैत्तिरीय उपनिषदातले अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. माझ्याही आले. परदेशी कोणी काही सांगू लागला की ‘हे आमच्याकडे आधीच आहे’ असे म्हणून मोकळे व्हायचे, ही आपली जुनी खोड. साम्य आहे यात शंका नाही. पण आपले कोश म्हणजे पांघरुणे; ती एकेक बाजूला सारली की आत जो उरतो तो मुळात कधी बांधलेलाच नव्हता. इथे टाकून देण्याजोगे काही नाही. फुंकर गोळ्यापर्यंत पोचलीच पाहिजे, भांडे झालेच पाहिजे. खालचा मजला चोख झाल्याशिवाय वरचा उघडत नाही, आणि वर गेल्यावर खालचा पाडायचा नसतो. आरीच्या मते सामान्य माणूस नेफेश घेऊन येतो. रुआख आणि नेशामा त्याने आचरणाने, अभ्यासाने मिळवायची. एका जन्मात नाही जमले तर पुन्हा जन्म घ्यायचा. होय, पुनर्जन्म! ज्यूंमध्ये तो आहे, निदान या पंथात ठामपणे आहे. ‘गिल्गुल’ म्हणतात त्याला, आणि व्हितालने त्यावर एक अख्खा ग्रंथ लिहून ठेवला आहे. आरी म्हणे समोरच्याच्या कपाळावरची अक्षरे वाचून हा कोणत्या मुळाचा जीव ते सांगत असे.

“मग येखिदा कोणाला मिळते?” मी विचारले.

व्याही हसले. “फार थोड्यांना. लाखांत नाही, पिढ्यांत.”

मावशी इतका वेळ भेंडी चिरत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “आणि ज्याला पोथी ठाऊकच नाही त्याला? त्याला नाहीच का ती?” मुलीने हे हिब्रूत केले. व्याह्यांनी दोन्ही हात पसरले. मिळवावी लागते, असा त्या हातांचा अर्थ होता. मावशी काही बोलल्या नाहीत.

खरे म्हणजे मावशींचा प्रश्न ज्यूंच्या जगात दोनशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. पूर्व युरोपातल्या खेड्यांत गरीब, अडाणी ज्यू होते. त्यांना धीर देत खसिदी पंथ उभा राहिला. त्यांतल्या एका शाखेचे संस्थापक शनेउर झाल्मान यांनी ‘तान्या’ नावाचा ग्रंथ लिहिला. १७९६ च्या अखेरीस तो छापला गेला. त्याच १७९६ साली मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. दोहोंचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण सालावरून मला गंमत वाटली. तर या पंथाने आरीचे पाच मजले घेतले आणि शिडी उलटी केली. येखिदा प्रत्येकापाशी आहे. अडाण्यापाशी आहे, पाप्यापाशी आहे. ती मिळवायची नसते, ती झाकलेली असते. ज्याने जन्मात पोथी उघडली नाही असा माणूसही, धर्म सोड नाहीतर मर असा प्रसंग आला की अचानक मरायला तयार होतो. हे बळ त्याच्या बुद्धीतून येत नाही, भावनेतूनही येत नाही. ते त्या काट्याएवढ्या जागेतून येते. याच शाखेचे सातवे गुरू मेनाखेम मेंडेल श्नेअरसन यांनी १९६५ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कला एक प्रवचन दिले आणि आपल्या पंथाचे सारे सारच येखिदेत आणून ठेवले. शिष्य गुरूला एकान्तात भेटतो त्या भेटीला या लोकांत ‘येखिदुत’ म्हणतात. दोन माणसे समोरासमोर बसली आहेत, पण भेटतात ते त्यांचे अगदी आतले.

गावात हल्ली कबालाची दुकाने झाली आहेत. लाल दोरे, आकड्यांची चित्रे, शुद्ध चांदीत मढवलेली अक्षरे, मेणबत्त्या! एका दुकानदाराने आमच्या हिच्या हाताकडे पाहून तिच्या आत्म्याचा रंग सांगितला, आणि योगायोगाने त्याच रंगाची माळ त्याच्याकडे विकायला होती. पंढरपूरच्या बाजारपेठेत बुक्क्याबरोबर काय काय विकले जाते ते आपण पाहतोच. त्याने विठोबाचे काही कमी होत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या गावाच्या मधून इंग्रजांनी बांधलेला एक लांबलचक जिना उतरतो. त्याच्या एका अंगाला ज्यूंची वस्ती होती, दुसऱ्या अंगाला अरबांची. आणि अरब कितीतरी अधिक होते. मे १९४८ च्या लढाईत ते हजारोंनी निघून गेले आणि परत येऊ शकले नाहीत. त्यांच्या घरांतून आता चित्रकारांच्या शाळा आणि विक्रीची दालने आहेत. एका कमानीवर अरबी अक्षरे अजून दिसतात. मी बराच वेळ त्या कमानीखाली उभा होतो. निळा रंग तिथपर्यंत आला आहे.

८ ऑक्टोबरला आपला दसरा होता, आणि त्याच दिवशी सूर्यास्ताला ज्यूंचा योम किप्पूर सुरू होणार होता. वर्षाच्या पापांचा हिशेब देण्याचा, पंचवीस तास निर्जळी उपासाचा हा दिवस. आमच्या हिने निघताना आपट्याची चार पाने एका पुस्तकात जपून आणली होती. ती तिने दुपारी मावशींच्या हातावर ठेवली. मावशींनी ती हुंगली. “आमच्या शेजारचे पाटील द्यायचे,” एवढेच म्हणाल्या, आणि डोळे पुसून स्वयंपाकाला लागल्या. सूर्य बुडायच्या आत सगळ्यांचे जेवण उरकायचे होते.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी देशभर एकही गाडी चालत नाही. विमाने नाहीत, दूरदर्शन नाही. मोठ्या रस्त्यावर मुले सायकली फिरवतात. बाकी शांतता. पांढरे कपडे घातलेली माणसे गल्ल्यांतून चाललेली, आणि पायांत कातडी जोडा म्हणून नाही. कोणी कॅनव्हासचे घातलेले, कोणी रबरी सपाता. मी मावशींच्या जावयाच्या सपाता घालून गेलो.

वर्षात याच एका दिवशी पाच प्रार्थना असतात. एरवी तीन, शब्बाथला चार. गूढवादी म्हणतात, त्या पाच प्रार्थना म्हणजे ते पाच मजले. आदल्या संध्याकाळी नेफेशपासून चढायला लागायचे, आणि शेवटची सूर्यास्ताची प्रार्थना ती येखिदेची. तिचे नाव निइला. निइला म्हणजे बंद करणे, दारे लावणे.

दुपारच्या विश्रांतीला घरी आल्यावर मी हे मावशींना सांगितले. त्या उपासाने थकून आरामखुर्चीत पडल्या होत्या. त्या सरळ उठून बसल्या.

“काय म्हणालात? दारे लावणे? अहो, मग आमचा सण तोच!”

आता बेने इस्रायलांची हकीकत थोडक्यात. त्यांची परंपरा सांगते की शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, पोथ्यापुस्तके समुद्रात गेली. पुढे ते कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. हिब्रू विसरली. उरली सुंता, शनिवार, खाण्यापिण्याचे काही नियम, ‘शेमा’ ही एक प्रार्थना, आणि सण. सणांची नावेही मराठी झाली: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. आणि योम किप्पूर म्हणजे दरफाळणीचा सण. दारे बंद करण्याचा.

“माझी आजी,” मावशी सांगू लागल्या, “अलिबागच्या देवळात शेवटी शेवटी जाईना. म्हणायची, माझ्या आईने केले तसे मी करणार. पहाटे न्हायची, पांढरे लुगडे नेसायची, आणि दार लावायची. बाहेरचा कोणी आत नाही, आतला बाहेर नाही. कोणाला शिवायचे नाही, बोलायचे नाही. आम्ही पोरे भुकेने कळवळायचो, तर ती नुसती बोट ओठांवर ठेवायची. काही म्हणत नव्हती. म्हणायला येतच नव्हते तिला! शेमा तेवढा अधूनमधून पुटपुटायची. दिवस बुडाला की उठून दार उघडायची.”

निइला हा शब्द त्या आजीच्या कानांवर गेला होता की नाही कोण जाणे. पाच प्रार्थनांतल्या चार तर नव्हत्याच तिच्याजवळ. ती थेट दारापाशीच बसली होती.

मुलीने हे सारे सासऱ्यांना सांगितले. ते दाढीवरून हात फिरवत ऐकत होते. “विचार त्यांना,” मावशी म्हणाल्या, “माझ्या आजीला होती की नव्हती?” आणि मग त्यांनी १९६४ ची गोष्ट काढली, जी मी आधी फक्त वाचलेली होती.

१९६२ साली इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले की बेने इस्रायलांपैकी कोणाचे बाहेरच्या ज्यूशी लग्न ठरले, तर आधी त्याच्या आईची, आजीची, तिच्याही मागची चौकशी व्हावी; मध्ये कुठे परके रक्त तर नाही ना आले? मावशींच्या थोरल्या बहिणीचे बगदादकडच्या एका मुलाशी जमले होते. एका कचेरीत तिच्याकडे आजीच्या आईचा दाखला मागितला. “कुठला आणणार? चौलकडच्या घाण्यावर जन्मलेल्या बाईचा दाखला कोण लिहून ठेवतो?” ते लग्न मोडले. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल जेरुसलेमला जमले, पोराबाळांसह ठाण मांडून बसले. त्यांत मावशीही होत्या, वीस वर्षांच्या. ऑगस्टात पार्लमेंटने, म्हणजे क्नेसेटने, हे लोक सर्व बाबतींत पुरे ज्यू आहेत असे जाहीर केले आणि धर्मपीठाला आपले फर्मान बदलावे लागले. बहिणीचे लग्न पुढे दुसरीकडे झाले. “चांगले झाले हो,” मावशी म्हणाल्या. “पण तो मुलगा चांगला होता.”

व्याही यावर काही बोलले नाहीत. निइलाची वेळ होत आली होती.

संध्याकाळचे ते देऊळ मी विसरणार नाही. खोली केवढी, तर आपल्या चाळीतल्या दोन खोल्या एकत्र केल्या एवढी. माणसे दाटीने उभी. ग्रंथाचे कपाट उघडलेले, आणि ते प्रार्थना संपेपर्यंत उघडेच राहायचे. सुरुवातीला एक गाणे झाले. मोझेस इब्न एझ्रा या स्पेनमधल्या कवीचे, नऊशे वर्षांपूर्वीचे. चाल अशी उठावाची, की दिवसभर उपाशी असलेली माणसे ताल धरू लागली. वर बायकांच्या जाळीमागून एक म्हातारा आवाज चाल सोडून भलत्याच वळणाने जात होता. ही म्हणते, मावशी मुंबईची चाल म्हणत होत्या आणि शेजारच्या बाया हळूहळू त्यांच्यामागून जाऊ लागल्या. खिडकीतला उजेड तांबूस झाला, मग करडा. शेवटी सगळे एका आवाजात शेमा म्हणाले. मग शिंग वाजले, एकच लांब, आणि लोक एकदम एकमेकांना मिठ्या मारू लागले. कोणीतरी माझ्या हातात लिंबाच्या सरबताचा पेला दिला.

दुसरा दिवस म्हणजे कोकणातल्या रीतीने शिळा सण. त्या दिवशी दार सताड उघडे, गरिबाला द्यायचे, आप्तांकडे जायचे. मावशींनी भोपळ्याच्या घाऱ्या केल्या होत्या. नऊ वाजता व्याही आले, धुतलेला सदरा घालून, हातात अंजिरांची पिशवी. एरवी ते अकराच्या आत घराबाहेर पडत नाहीत, असे मुलगी म्हणाली. खुर्चीत बसून त्यांनी खिशातून छोटी वही काढली. आदल्या दिवशी लिहायला बंदी, म्हणून राहिले होते. त्यांनी मावशींना तो शब्द पुन्हा सांगायला सांगितले.

“दरफाळणी.”

“दरफालनी,” व्याही म्हणाले.

“ळ. फाळणी.”

चार वेळा प्रयत्न झाला. ळ त्यांच्या जिभेवर बसेना, आणि हिब्रूत त्याला अक्षरही नाही. शेवटी त्यांनी ल वर भागवले, पण अक्षराच्या डोक्यावर पेन्सिलीने एक बारीक टोक काढले आणि वही आम्हाला दाखवली. मग त्यांनी दोन घाऱ्या खाल्ल्या, तिसरी रुमालात बांधून घेतली, आणि आमची हैफाची बस किती वाजता आहे ते विचारले.